पहिले धनुष्य किती पाउंडांचे?

धनुर्विद्येच्या वर्गात मुलाचे नाव घालायला निघालेले पालक वयाची आणि खर्चाची चौकशी उरकली की हटकून पाउंडांवर येतात. पाउंड म्हणजे ताणभार. प्रत्यंचा, अर्थात धनुष्याची दोरी, पूर्ण मागे ओढून धरली असता बोटांवर जो भार येतो तो पाउंडांत मोजतात आणि तो आकडा धनुष्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. वजन उचलण्याच्या व्यायामात जसा आकडा मोठा तसा उचलणारा मोठा, तसेच इथेही असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु या आकड्याला एवढे महत्त्व का आले याचा उगम मैदानात सापडत नाही, तो रानात शोधावा लागतो. हरणासारख्या जनावराच्या बरगड्यांमधून बाण फुप्फुसापर्यंत पोहोचला नाही तर ते जनावर जखमी होऊन पळते आणि कुठेतरी आडोशाला तडफडत मरते. म्हणून अमेरिकेतील काही राज्यांमध्ये हरणाच्या शिकारीसाठी धनुष्याचा किमान ताणभार तीस किंवा चाळीस पाउंड असा कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. गवताच्या किंवा फोमच्या फळीवर चिकटवलेल्या कागदाला असले काही लागत नाही, त्याला दहा मीटरवरून दहा-बारा पाउंडांचे धनुष्यही सहज भेदते. तेव्हा ‘किती पाउंडांचे’ हा मुळात शिकाऱ्याचा प्रश्न आहे, आणि तो नवी मुंबईत, जिथे शिकारीला जागाच नाही, तितक्याच आस्थेने विचारला जातो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शिकारीला जागा नाही, याचा अर्थ नेमका काय हे आधी पाहिले पाहिजे; कारण अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांची मुले तिथे परवाना काढून बापाबरोबर धनुष्याने हरणे मारायला जातात, त्याची चित्रफीत वाशीतल्या किंवा खारघरमधल्या भावंडाच्या फोनवर येते, आणि मग तसे काही इथे करता येईल का अशी विचारणा घरात सुरू होते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये शिकार करता येत नाही. या कायद्यातील शिकारीची व्याख्या फार रुंद आहे: प्राणी मारणे, विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, हाकारा घालणे, आमिष दाखवणे, इतकेच नव्हे तर यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीदेखील शिकारच. म्हणजे अनुसूचीतल्या पक्ष्यावर सोडलेला आणि नेम चुकलेला बाणही कायद्याच्या दृष्टीने चुकलेला नसतो. पूर्वी कावळा, उंदीर, घूस, फळे खाणारी वटवाघळे अशा काही प्राण्यांची ‘उपद्रवी’ म्हणून वेगळी पाचवी अनुसूची होती आणि त्यांना हे संरक्षण नव्हते. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, ती अनुसूचीच काढून टाकली, आणि आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला ठरावीक प्रदेशापुरती आणि मुदतीपुरती तशी अधिसूचना काढावी लागते. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसारख्या जनावरांना मारण्याची लेखी परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, पण ती शेत वाचवण्यासाठीची तजवीज आहे, हौसेचा परवाना नव्हे. धनुष्याबद्दलचा असा कठोरपणा भारतापुरता आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने वन्य प्राणी-पक्ष्यांवर धनुष्य चालवायला बंदी आहे.

शहराच्या भूगोलाकडे पाहिले तर ही बंदी किती जवळची आहे हे कळते. पश्चिमेला ठाणे खाडी, जिचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. आणि पनवेलच्या पुढे गोवा महामार्गावर कर्नाळा, जे १९६८पासून पक्षी अभयारण्य आहे. कर्नाळ्याच्या परिसरात आणि पुढे कर्जत-खालापूरकडे कातकरी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत, आणि तिथे धनुष्याला धनुष्य म्हणत नाहीत, तिरकमठा म्हणतात. बांबूचा कमठा, त्याला दोरी, हलका सरळ तीर. जोडीला गलोल, फासे आणि जाळी. ससा, पाखरू, शेतातला उंदीर हे तिथे पोटाशी बांधलेले होते, त्यात हौस नव्हती, आणि ही विद्या पोराला बापामागून रानात हिंडता हिंडता येत असे. तिला ना वर्ग लागे ना शुल्क. वनहक्क कायदा २००६ने आदिवासींचे कितीतरी पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्याच कलमात शिकारीचा आणि सापळ्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. नेरूळच्या बाराव्या मजल्यावरील मुलाला आणि वाडीवरील मुलाला एकच कायदा लागू आहे हे खरे, मात्र पहिल्याचे त्यात काहीच जात नाही आणि दुसऱ्याच्या घरातले एक ज्ञान, शिजणाऱ्या मटणासकट, नाहीसे होते. प्राण्यांचे संरक्षण आवश्यक आहे यात वाद नाही. तरी शहरात धनुर्विद्येचे वर्ग भरभरून चालावेत आणि ज्यांच्या हातात तो कमठा पिढ्यान्‌पिढ्या होता त्यांची मुले त्या रांगेत क्वचितच दिसावीत, हे नीट वाटत नाही.

शिकारीपासून नेमबाजीकडे झालेला हा प्रवास आपल्या कथांना अपरिचित नाही. महाभारतात द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा झाडाच्या शेंड्यावर बसवलेला पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता, ही बाब गोष्ट सांगताना बहुधा गळून पडते आणि फक्त डोळा तेवढा उरतो. आज जागतिक तिरंदाजी संघटना ज्या ‘थ्री-डी’ स्पर्धा भरवते, त्यांत रानात ठिकठिकाणी फोमची जनावरे उभी केलेली असतात आणि अंतर न सांगता त्यांवर नेम धरायचा असतो. त्या स्पर्धांची कल्पना द्रोणांना नवी वाटली नसती. याच्या उलट रामायणातील दशरथ. शरयूच्या काठी अंधारात घडा बुडण्याचा आवाज ऐकून, तो हत्ती पाणी पीत असल्याचा समज करून, त्याने आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ मारला गेला. शब्दवेध हे कौशल्य म्हणून शेकडो वर्षे कौतुकाने सांगितले गेले. परंतु लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्याशिवाय आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे पाहिल्याशिवाय बाण सोडू नये, हा आज जगभरच्या प्रत्येक धनुर्विद्या वर्गातला पहिला नियम आहे, आणि दशरथाने नेमका तोच मोडला.

शिकारीची सावली खेळाच्या साहित्यावरही आहे. आज महाराष्ट्राला सर्वांत मोठे यश ज्या प्रकारात मिळाले ते कंपाउंड धनुष्य हे मूळचे शिकाऱ्यांसाठीचे. त्याच्या पात्यांच्या टोकांना विलक्षण आकाराच्या चकत्या असतात, त्यांना कॅम म्हणतात, आणि दोरी पूर्ण मागे आली की या चकत्यांमुळे बोटांवरचा भार एकदम सत्तर-ऐंशी टक्क्यांनी उतरतो. अमेरिकेतील होलेस विल्बर ॲलन यांना या रचनेचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले. जनावर समोर येईपर्यंत धनुष्य ताणलेले ठेवता यावे ही शिकाऱ्याची गरज, आणि तीच गरज पन्नास मीटरवरील लक्ष्यावर स्थिर नेम धरणाऱ्या खेळाडूचीही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरावर १४९ विरुद्ध १४७ असा विजय मिळवून भारताचे पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद पटकावले, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १५० पैकी १५० गुण मिळवले. पंधरा बाण, पन्नास मीटरचे अंतर, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे. हाताच्या पंजाने झाकून जाईल एवढ्या जागेत पंधराही बाण. हे दोघेही साताऱ्यात, शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या दृष्टी अकादमीत प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. या बातम्यांनंतर अनेक घरांत आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी कंपाउंडचीच मागणी सुरू झाली, जी समजण्यासारखी असली तरी उताविळीची आहे. कंपाउंड ताणून धरणे सोपे असले तरी ते जड असते, आणि डाव्या हाताने ते खांद्याच्या उंचीवर तोलून धरणे लहान पाठीला झेपत नाही.

मुलाला धनुष्य देण्याआधी मुलाची मापे घ्यावी लागतात, आणि त्यांतले पहिले माप डोळ्याचे असते. दोन्ही हात पुढे करून पंज्यांच्या मधल्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघणे अगदी सर्वसाधारण आहे, आणि अशा मुलाला डावरे धनुष्य द्यावे की नाही हे सुरुवातीलाच ठरले तर पुढची दोन वर्षे वाचतात. दुसरे माप ताणाच्या लांबीचे: दोन्ही हात बाजूला पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याला अडीचने भागायचे. १३० सेंटिमीटर कवेच्या मुलाला त्यातून ५२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेवीस इंच मिळतात. इथेच पाउंडांचा घोळ उलगडतो, कारण पात्यावर छापलेला आकडा अठ्ठावीस इंच ताणाचा असतो; वीस पाउंड असे लिहिलेले धनुष्य हे मूल साडेवीस इंचच ओढणार, तेव्हा त्याच्या बोटांवर बारा-तेरा पाउंडच येतात. उलटही खरे आहे. मूल वाढते, हात लांब होतात, आणि धनुष्य न बदलताच त्याचे पाउंड गुपचूप वाढत जातात. आठ ते दहा वयाच्या मुलाला बोटांवर दहा ते चौदा पाउंड पुरेसे असतात, आणि पुरेसे आहेत की नाही याची चाचणी अशी की पूर्ण ताणून दहा सेकंद धरल्यावर खांदा कानाकडे चढत नाही आणि हात थरथरत नाही. खांद्याची हाडे या वयात टोकाकडून वाढत असतात, त्यामुळे जास्त ताणाची किंमत आजच्या गुणपत्रिकेवर दिसत नाही, ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी खांद्याच्या दुखण्यात वसूल होते.

बाणाचेही माप असते. तो ताणापेक्षा दोन-तीन इंच लांब असावा लागतो, कारण आखूड बाण मूल जास्त मागे ओढून आधारावरून आत घसरवू शकते आणि तो हातात शिरण्याचा धोका असतो. बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, धनुष्याच्या भाराला साजेसा असावा लागतो. दोरी सुटताच बाण सरळ जात नाही, तो मासळीसारखा वाकत धनुष्याला वळसा घालून पुढे जातो आणि मग सरळ होतो, आणि फार ताठ किंवा फार मऊ बाण हा वळसा नीट घेत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या दुकानाशेजारी किंवा दसऱ्याच्या जत्रेत मिळणाऱ्या बांबूच्या धनुकलीला यातले काहीच नसते. तिच्याशी खेळण्यात वाईट नाही. मात्र तिची सवय लागलेले मूल बाण बोटांच्या चिमटीत धरून ओढते, आणि ती चिमूट सोडवायला प्रशिक्षकाला महिना लागतो.

पहिल्या काही तासांत धनुष्य हातात फारसे येतही नाही. रबरी पट्टा दोन हातांत धरून ताणायचा, पाय खांद्याइतके फाकवून लक्ष्याशी काटकोनात उभे राहायचे, मान वळवायची, खांदा नाही. त्यानंतर तीन बोटे, एक बाणाच्या वर आणि दोन खाली. त्यांच्यावर चामड्याचा टॅब, डाव्या कोपराच्या आत आर्मगार्ड, छातीवर जाळीचा चेस्टगार्ड. धनुष्याचा हात थोडाही उलटा वळला तर सुटलेली दोरी कोपराच्या आतल्या मऊ भागावर सपकन बसते आणि दोन दिवस तिथे जांभळा वळ राहतो. आर्मगार्ड नसेल तर मूल दुसऱ्या बाणाच्या वेळी डोळे मिटूनच दोरी सोडते, आणि एकदा लागलेली ही झटकण्याची सवय जिद्दीनेही सहज जात नाही. दोरी ओढून हनुवटीखाली हात टेकवायचा, त्याला अँकर म्हणतात, आणि तो रोज, प्रत्येक बाणाला, त्याच जागी टेकला पाहिजे. एका अंशाची चूक दहा मीटरवर सतरा सेंटिमीटरची होते, सत्तर मीटरवर तीच सव्वा मीटरची. म्हणून सुरुवातीचे आठवडे लक्ष्याचा कागद न लावता, तीन-चार मीटरवरून रिकाम्या बटवर, म्हणजे गवताच्या किंवा फोमच्या जाड फळीवर, बाण सोडायला लावतात. रंग दिसले की मूल गुण मोजू लागते आणि हात विसरते. बाणाशिवाय दोरी कधी सोडायची नाही, कारण बाणात जाणारी सगळी शक्ती मग पात्यांत परत फिरते आणि ती तडकतात.

रांगेची शिस्त शिट्टीची असते. दोन शिट्ट्या, रांगेवर या. एक, बाण सोडा. तीन, बाण काढायला चला. आणि त्याहून जास्त, लागोपाठ, म्हणजे ताणलेले धनुष्य आहे तिथेच सैल करा. बाण काढण्याचीही रीत आहे: एक तळहात कागदावर दाबायचा, दुसऱ्या हाताने बाण फळीलगत धरून सरळ मागे ओढायचा, आणि त्याआधी पाठीमागे कोणी उभे नाही हे पाहायचे, कारण बाण अचानक सुटला की त्याचे मागचे टोक मागच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येते. दहा-अकरा वर्षांची मुले हे सगळे दोन आठवड्यांत अंगी बाणवतात. पालकांना, जे रांगेच्या पुढे फोन घेऊन छायाचित्रासाठी सरकतात, त्याला जास्त दिवस लागतात.

नवी मुंबईची खरी अडचण जागेची आहे, आणि तीही विचित्र आहे. सिडकोने आखलेल्या या शहरात प्रत्येक विभागात मैदान आहे, पण मैदान असणे आणि रांग असणे वेगळे. इनडोअरचे अंतर अठरा मीटर, म्हणजे क्रिकेटच्या बावीस यार्डांच्या खेळपट्टीपेक्षाही थोडे कमी, आणि ते शाळेच्या सभागृहात मावते. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह प्रकाराचे, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याचे, अंतर सत्तर मीटर आहे. ते क्रिकेटच्या सीमारेषेइतके, आणि लक्ष्याच्या मागे माती किंवा भिंत असा पक्का आडोसा आणि दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी हवी. ज्या मैदानात रविवारी चार सामने एकमेकांत मिसळून चालतात तिथे हे अशक्य आहे, आणि सोसायटीच्या गच्चीवर तर ते करूच नये. पंधरा पाउंडांचा बाणही माणसाला गंभीर जखमी करतो आणि चुकलेला बाण कठड्यावरून खाली जातो. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. या चार महिन्यांत छताखालच्या अठरा मीटरवर जे काम होते, तेच बहुधा पुढे उन्हाळ्यात दिसते, आणि दमट हवेत धनुष्याची दोरी उतरवून ते कोरड्या जागी ठेवणे हे मुलाचे स्वतःचे काम असले तर उत्तम.

खर्चाचे गणित प्रकारावर फिरते. ‘इंडियन राउंड’ या देशी प्रकारात बांबूचे साधे धनुष्य चालते आणि मोठ्यांच्या गटात परंपरेने तीस आणि पन्नास मीटरवर नेम धरतात. त्याचे साहित्य काही हजारांत येते, तर स्पर्धेचे रिकर्व्ह किंवा कंपाउंड पूर्ण साजासह लाखाच्या पलीकडे जाते. शालेय आणि जिल्हास्तरीय स्पर्धांतून पुष्कळ मुले याच देशी प्रकाराने वर आली, आणि महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींनी ज्यांना उचलले त्यांत फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव होता. आधी धावपटू म्हणून निवडला गेलेला हा मुलगा अमरावतीत धनुर्विद्येकडे वळला, २०१९च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात होता, आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये खेळला. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार असल्यामुळे साताऱ्याच्या आणि नागपूरच्या मुलांसाठी जे दार बंद होते तेही उघडले आहे. अमेरिकेतल्या शाळांसाठी केंटकी राज्याने २००२ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाची इथे आठवण होते. शिकारीचा देश असूनही त्यांनी मुलांसाठी निवडलेले धनुष्य दहा ते वीस पाउंडांतच ठेवले आणि त्यातली ताण उतरवण्याची सोय मुद्दाम काढून टाकली, त्यामुळे एकच धनुष्य वर्गातल्या सर्व उंचीच्या मुलांना पुरते.

शिकाऱ्याच्या पोराला हंगाम गाठायचा असतो, सप्टेंबर उजाडेपर्यंत चाळीस पाउंड जमले पाहिजेत. बेलापूरच्या मुलाला तशी कसलीच तारीख नाही. म्हणून जाणते प्रशिक्षक पहिल्या वर्षी सुट्या भागांचे, म्हणजे मधला दांडा आणि दोन पाती वेगळी होणारे धनुष्य सुचवतात. दांडा तोच राहतो, पाती बदलतात: बारा, मग चौदा, मग सोळा, एका वेळी दोनच पाउंड, आणि तेही मूल सलग शंभर बाण सोडून शेवटच्या सहा बाणांत खांदा चढवत नसेल तरच. उतरवलेली पाती वर्गाच्या कपाटात परत जातात, त्यांच्या मुठीजवळच्या टोकाला चिकटपट्टीवर आधीच्या मुलाचे नाव लिहिलेले असते, त्याखाली त्याच्या आधीच्या मुलीचे, आणि पुढच्या शनिवारी नवे कोणी आले की सर तीच काढून देतात.